कमी खर्चात शिमला कसं फिरायचं

शिमल्याला खर्च वाढतो तो दोनच ठिकाणी. एक म्हणजे चुकीच्या जागी घेतलेलं हॉटेल आणि दुसरं म्हणजे टॅक्सीवाल्याचं "साईटसीईंग पॅकेज". हे दोन सांभाळले की बाकी शहर जवळपास फुकटात बघून होतं, कारण शिमल्याचं जे खरं बघण्यासारखं आहे ते सगळं चालत बघायचं आहे आणि मॉल रोडवर तशाही गाड्या सोडत नाहीत.

आधी कधी जायचं ते बघू. मे-जूनमध्ये अर्धा उत्तर भारत तिथे असतो, रूमचे भाव दुप्पट-तिप्पट होतात आणि कार्ट रोडवर, म्हणजे गाड्यांच्या मुख्य रस्त्यावर, ट्रॅफिक हलत नाही. सुट्ट्यांमुळे मे मध्येच जायचं असेल तर निदान शनिवार-रविवार टाळा, सोमवार ते गुरुवार तीच रूम बरीच स्वस्त मिळते. जुलै-ऑगस्ट मात्र नकोच, पावसात दरडी कोसळतात, 2023 च्या ऑगस्टमध्ये शिमल्यातल्या समर हिलजवळ रेल्वेच्या रुळांखालची जमीनच वाहून गेली होती आणि रूळ हवेत लोंबकळत होते. माझं मत विचाराल तर सप्टेंबरचा शेवट ते नोव्हेंबर, त्यातून दसरा-दिवाळीचा आठवडा वगळून. आकाश स्वच्छ असतं, लांबचे बर्फाचे डोंगर दिसतात, थंडी अंगावर येते पण सहन होते. बर्फच बघायचा असेल तर जानेवारी-फेब्रुवारी, पण ख्रिसमस ते न्यू इयर सोडून, तेव्हा रेट विचारूच नका.

आता पोचायचं कसं. मुंबईहून पश्चिम एक्सप्रेस किंवा पुण्याहून झेलमने अंबाल्याला उतरायचं, तिथून चंदीगड किंवा थेट शिमल्याची बस. दिल्लीपर्यंत काही स्वस्त मिळत असेल तर कश्मीरी गेटच्या बस स्टँडवरून हिमाचलच्या सरकारी बस सुटतात, म्हणजे एचआरटीसीच्या. चंदीगडला सेक्टर 43 च्या स्टँडवरून बस भरपूर आहेत, साधारण चार तास लागतात. साधी बस घ्या, व्होल्वोने फार वेळ वाचत नाही, घाट तोच आहे. बस लागते अशा लोकांनी गोळी आधीच घ्यायची, बसमध्ये बसल्यावर नाही.

टॉय ट्रेनबद्दल सगळे विचारतात, करावी का? करायचीच. डोंगराच्या पायथ्याच्या कालकापासून शिमल्यापर्यंत 96 किलोमीटरचा मार्ग, 102 बोगदे, 1903 साली सुरू झालेला, 2008 पासून युनेस्कोच्या यादीत. पण जाताना नको, येताना करा. कालकाहून वर जाणाऱ्या बहुतेक गाड्या पहाटे-सकाळी असतात, त्या पकडायला एक तर कालकाला मुक्काम करावा लागतो नाहीतर रात्रभराच्या प्रवासानंतर पेंगत बसावं लागतं आणि अर्धे बोगदे झोपेत जातात. परतताना तुम्ही शिमल्यातच असता, आरामात आवरून स्टेशनवर जाता. शिवालिक वगैरे गाड्यांची तिकिटं महाग पडतात, पण जनरल डब्याचं तिकीट शंभर रुपयांच्या आत आहे आणि देखावा दोन्हीकडून तोच दिसतो, शिवाय साध्या डब्याच्या खिडक्या उघडतात. रिझर्वेशन हवं असेल तर 60 दिवस आधी बुकिंग उघडतं तेव्हाच काढा, सीझनमध्ये पटकन संपतं.

हॉटेल. हा भाग जरा नीट वाचा. शिमला डोंगराच्या कण्यावर बसलेलं आहे, सगळ्यात वर रिज हे मोकळं मैदान, त्याच्या जरा खाली मॉल, त्याखाली लोअर बाजार आणि सगळ्यात खाली गाड्यांचा कार्ट रोड. त्यामुळे मॅपवर "मॉलपासून दीडशे मीटर" दिसलं तरी ते दीडशे मीटर उभे असू शकतात, म्हणजे सामान घेऊन पायऱ्याच पायऱ्या. बुक करायच्या आधी फोन करून सरळ तीन गोष्टी विचारा: हॉटेल मॉलच्या वर आहे की खाली, गाडी जिथपर्यंत येते तिथून किती पायऱ्या आहेत, आणि हीटरचे वेगळे पैसे घेता का. तिसरा प्रश्न थंडीत फार महत्त्वाचा, कारण रूम स्वस्त दाखवून हीटरचे रोजचे पैसे लावतात आणि हीटरशिवाय डिसेंबरात झोप लागत नाही. शहराबाहेर शोघी किंवा ढल्लीकडे रूम स्वस्त दिसतात पण रोज येण्या-जाण्यात वाचलेले पैसे निघून जातात, संध्याकाळही हातची जाते. जुन्या बस स्टँडच्या आसपास, लोअर बाजार, लक्कड बाजार इकडे साध्या लॉजेस मिळतात. काली बारी मंदिरातही राहायची सोय आहे, जागा एकदम मॉलजवळ, पण आधी फोन करूनच जा.

लांबच्या बस तुटीकंडीच्या नव्या स्टँडवर उतरवतात, तो शहराबाहेर आहे. तिथे उतरल्या उतरल्या टॅक्सीवाले आणि हॉटेलचे एजंट घेरतात, कोणाशी बोलू नका, सरळ लोकल बस पकडून जुन्या बस स्टँडला या. तिथून मॉलला चढायचं तर पायऱ्या आहेत, नाहीतर कार्ट रोडने थोडं पुढे चालत गेलं की टुरिझमची लिफ्ट आहे, किरकोळ तिकीट काढून दोन टप्प्यात वर मॉलवर सोडते. सामान जड असेल तर पाठीवर वाहून नेणारे हमाल असतात, त्यांच्याशी आधी पैसे ठरवा पण फार घासाघीस करू नका, तो चढ रिकाम्या हाताने चढून बघा म्हणजे कळेल.

पहिला दिवस रिज आणि मॉलवर घालवा. क्राइस्ट चर्च, गेयटी थिएटर (1887 चं आहे, आत चक्कर मारता येते का विचारा), टाउन हॉल, हे सगळं एका रेषेत आहे. रिजच्या त्या मोकळ्या मैदानाखाली इंग्रजांच्या काळातली प्रचंड पाण्याची टाकी आहे, हे माहीत असलं की तिथे उभं राहायला वेगळंच वाटतं. सकाळी लवकर जाखूच्या टेकडीवर चढा. रिजपासून दोनेक किलोमीटर, पण चढ खडा आहे, सावकाश गेलं तर पाऊण ते एक तास. वर हनुमानाची 108 फुटी मूर्ती, देवदारांच्याही वर डोकं काढून उभी. रोपवे आहे पण चार जणांचं तिकीट म्हणजे एका दिवसाचं जेवण, गुडघ्यांचा त्रास असेल तरच घ्या. आणि माकडं! चष्मा खिशात, प्रसाद बॅगेत, मोबाईल घट्ट हातात. चष्मा ओढून नेतात आणि खायला दिलं की टाकतात, इतकी हुशार आहेत. खाली काठी भाड्याने मिळते, घ्या.

दुसऱ्या दिवशी उलट्या दिशेला, मॉलवरून चौडा मैदानाकडे आणि पुढे व्हाइसरीगल लॉजपर्यंत, म्हणजे इंग्रज व्हाइसरॉयच्या जुन्या निवासापर्यंत, चालत. बऱ्यापैकी सपाट रस्ता आहे, देवदारांची सावली, चार किलोमीटर कधी संपतात कळत नाही. ही वास्तू 1888 ची, 1945 ची सिमला कॉन्फरन्स इथे झाली, आता इथे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ अॅडव्हान्स्ड स्टडी आहे. तिकीट काढून गाईडबरोबर आत सोडतात, ते तिकीट शिमल्यातल्या सगळ्या खर्चात सगळ्यात वसूल होणारं आहे, आतलं सागवानी काम बघतच राहावं असं आहे. वाटेत राज्य संग्रहालय लागतं, पहाडी मिनिएचर चित्रं आवडत असतील तर तासभर ठेवा. हे दोन्ही सोमवारी बंद, त्यामुळे प्लॅन तसा लावा.

तिसऱ्या दिवशी बहुतेक जण कुफ्रीला जातात. बर्फ नसेल तर मी नाही म्हणेन. घोड्यावर बसवून चिखलातून वर नेतात, वर फोटोवाले, याकवाले, दुर्बीणवाले, प्रत्येक जण पैसे मागतो आणि दिवसाअखेर हिशोब लावला की कपाळाला हात लागतो. त्यापेक्षा लक्कड बाजारच्या बाजूच्या स्टँडवरून नारकंड्याची बस पकडा, साठ-पासष्ट किलोमीटर आहे, खिडकीतून सफरचंदाच्या बागा आणि समोर बर्फाची रांग. नारकंडा 2700 मीटरवर आहे, शिमल्यापेक्षा चांगलंच थंड, जॅकेट सोबत ठेवा आणि उतरल्या उतरल्या परतीची शेवटची बस कंडक्टरलाच विचारून घ्या. एवढं लांब नको असेल तर मशोब्रा किंवा नालदेहरा, तेही बसने होतं.

खाण्यासाठी मॉलवर नाही, लोअर बाजारात उतरा. राजमा-चावल, छोले-भटुरे, कढी, पोटभर आणि मॉलच्या निम्म्या भावात. सिड्डू मात्र चुकवू नका, आंबवलेल्या कणकेचा वाफवलेला जाड गोळा, आत खसखस-अक्रोड किंवा उडदाचं सारण, वरून तुपाची धार. गरम असतानाच मधोमध तोडायचा, तूप आत मुरू द्यायचं आणि मग खायचं, थंड झाला की मजा गेली. कॉफी प्यायची तर मॉलवरच्या इंडियन कॉफी हाऊसमध्ये, तिथे लोक तासन् तास बसतात, कोणी उठवत नाही.

परतीला दुपारची टॉय ट्रेन धरली की साधारण पाच-सहा तासांत कालका. वाटेत बडोग स्टेशनवर गाडी थोडा वेळ थांबते, तिथे उतरून चहा-कटलेट घ्या, आणि तिथलाच बोगदा या मार्गावरचा सगळ्यात लांब, एक किलोमीटरहून जास्त. कालकाहून रात्री उशिरा नेताजी एक्सप्रेस दिल्लीकडे निघते, रात्र गाडीत झोपून काढली की एका लॉजचा खर्च वाचतो. फक्त तिचं तिकीट घरून निघायच्या आधी काढून ठेवा, वेटिंग फार लवकर लागतं.