गावची मॅन्युअल गाडी वर्षांनी हातात घेताय? आधी सड्यावर चला

मुंबई-पुण्यात ऑटोमॅटिक घेतलेले बरेच जण गणपतीला नाहीतर मे महिन्यात गावी आले की एक प्रसंग हमखास येतो, काका जुन्या वॅगनआरची चावी हातात देऊन म्हणतात जा रे, बाजारातनं नारळ घेऊन ये, आणि आपला डावा पाय कित्येक वर्षांत क्लचला लागलेला नसतो. घाबरू नका, पाय विसरत नाही, अर्ध्या-एक तासात येतो ताळ्यावर. विसरतं ते डोकं. कुठला गिअर कधी टाकायचा हे इतकी वर्षं गाडीच ठरवत होती, आता ते परत तुम्ही ठरवायचंय, आणि कोकणात ते चढ सुरू व्हायच्या आधी ठरवायला लागतं, चढावर गेल्यावर नाही. बाकी सगळं त्याच्या मागोमाग जमतं.

आधी गाडीकडे बघा. गावात पावसाळाभर उभी असलेली गाडी म्हणजे बॅटरी बसलेली, टायरात हवा कमी, बॉनेटखाली उंदरांनी वायरी कुरतडल्यात का तेही बघून घ्या. हँडब्रेक ओढून ठेवली असेल तर दमटपणाने मागचे ब्रेक चिकटलेले असू शकतात, गाडी हलतच नाही मग. म्हणून गावात जास्त दिवस गाडी ठेवायची तर सपाट जागा बघून गिअरमध्ये ठेवतात आणि चाकाला जांभ्याचा चिरा लावतात, हँडब्रेक सैल. बॅटरी अगदीच मेली नसेल तर मॅन्युअलला धक्का स्टार्ट चालतो हा मोठा फायदा: चावी ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबून ठेवायचा, मागून दोघातिघांनी ढकललं आणि जरा वेग आला की क्लच पटकन सोडायचा, इंजिन धरलं की परत क्लच दाबायचा. आणि लायसनची तारीख बघा राव, संपून एक वर्षाच्या वर झालं असेल तर रिन्यू करताना परत टेस्ट द्यावी लागते.

आता बसा. सीट एवढी पुढे घ्या की क्लच तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहील. ऑटोमॅटिकवाले सीट मागे टाकून बसतात, तशी ठेवलीत तर क्लच अर्धाच दाबला जातो आणि गिअर करकरतो, मग लोक गिअरबॉक्सला शिव्या घालतात. ओल्या स्लिपर घालून चालवू नका, पाय क्लचवरनं सटकला की गाडी उडी मारते. रिव्हर्स कुठे आहे ते इंजिन बंद असतानाच बघून घ्या, कुठल्या गाडीत उजवीकडे खाली असतो, कुठल्यात पहिल्याच्या डावीकडे असतो आणि गिअरच्या दांड्यावरची रिंग उचलावी लागते, काहींत दांडा खाली दाबावा लागतो. वाडीच्या गडग्यासमोर, म्हणजे दगडी कुंपणासमोर, उभं राहून शोधायची ही गोष्ट नाही.

सराव कुठे करायचा तर सड्यावर. सडा म्हणजे गावाच्या वरचा मोकळा कातळ, शक्यतो सकाळी जा, गुरं सोडायच्या आधी. किनाऱ्यावर वाळूत अजिबात जाऊ नका, गाडी रुतली की ती काढताना क्लच प्लेट जळते आणि भरती काही तुमच्यासाठी थांबत नाही.

सड्यावर पहिलं काम एकच, क्लच कुठे धरतो ते शोधणं. पहिला गिअर, उजवा पाय ब्रेकवरनं काढा, रेस अजिबात नको, आणि क्लच हळूहळू सोडत या. एका जागी इंजिनचा आवाज जरा खाली बसतो आणि गाडी सरकायला लागते, तीच ती जागा. तिथे पाय थांबवा, परत दाबा, परत सोडा. प्रत्येक गाडीत ही जागा वेगळी असते, प्लेट झिजलेल्या जुन्या गाडीत बहुतेक बरीच वर. रेस न देता गाडी सपाटीवर सरकवता आली की मग रेस द्या. आणि गाडी चालू लागली की डावा पाय क्लचवरनं काढून बाजूला ठेवायचा, नुसता टेकवून ठेवला तरी प्लेट आणि बेअरिंग झिजतं.

एक धोका मात्र ओळखून ठेवा. मॅन्युअलला थांबताना क्लच विसरलात तर गाडी गचके खाऊन बंद पडेल, बस, एवढंच. पण दोन आठवड्यांनी मुंबईला जाऊन परत ऑटोमॅटिकमध्ये बसलात की डावा पाय क्लच शोधत ब्रेकवर जाईल आणि मागचा येऊन आदळेल. तेव्हा तिथेही पहिले दोन-चार किलोमीटर जपून.

आता चढ. कशेडी घाटाला बोगदा झाला म्हणून मुंबई-गोवा हायवे सोपा झालाय हे खरं, पण कुंभार्ली आहे, आंबोली आहे, आणि खरा त्रास घाटात नसतोच, घरापर्यंतच्या त्या अरुंद खड्या रस्त्यावर असतो जिथे वळणावर समोरनं एसटी येते आणि तुम्हाला चढावरच थांबावं लागतं. तिथे हँडब्रेक वापरायला लाजू नका. हँडब्रेक ओढा, पहिला गिअर, थोडी रेस, क्लच धरायच्या जागेपर्यंत सोडा, गाडीचं तोंड जरासं उचललं आणि आवाज जड झाला की मगच हँडब्रेक सोडा. गाडी मागे येत नाही. नवीन गाड्यांत हिल होल्ड, म्हणजे चढावर ब्रेक आपोआप धरून ठेवणारी सोय, असतं पण ते दोन-तीन सेकंदच धरतं, त्याच्या भरवशावर निवांत बसू नका. हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धाच दाबून, गाडी चढावर तोलून धरणारे खूप दिसतात, दिसायला भारी वाटतं पण जळका वास यायला लागतो तो त्याचाच. वास आला तर बाजूला घेऊन थांबा, थंड होऊ द्या.

चढताना वळणाच्या आधीच दुसरा टाका. तिसऱ्यात रेटत राहिलात तर इंजिन थरथरतं, गाडी दमते, आणि बरोबर वळणाच्या मध्यात गिअर बदलायची वेळ येते, तेव्हा एक हात स्टिअरिंगवर आणि समोर टँकर. अरुंद घाटरस्त्यावर खालनं चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असा २०१७ च्या ड्रायव्हिंग नियमांतच नियम आहे, तुम्ही उतरत असाल तर तुम्ही बाजूला घ्यायचं.

उतरताना जुने ड्रायव्हर सांगतात तेच बरोबर, ज्या गिअरमध्ये चढलात त्यातच उतरा. दुसऱ्यात इंजिनच गाडी धरून ठेवतं, ब्रेक फक्त वळणाआधी. सारखा ब्रेक दाबत उतरलात तर ब्रेक तापतात, मग पेडल दाबलं तरी गाडी थांबत नाही. न्यूट्रलला टाकून पेट्रोल वाचतं हे आता खोटं आहे, हल्लीच्या इंजेक्शनवाल्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना रेस सोडली की इंधन जवळपास बंदच होतं, उलट न्यूट्रलला इंजिन चालू ठेवायला ते लागतं.

शेवटची परीक्षा फेरीबोटीची. दाभोळ-धोपावे म्हणा, जयगड-तवसाळ म्हणा, धक्क्यावरचा उतार ओला असतो, ओहोटीला जास्तच खडा होतो, आणि बोटीवरचा माणूस हात हलवून कधीकधी रिव्हर्सच घ्यायला सांगतो. घाई करू नका, मागचे हॉर्न मारतील, मारू देत. उतरताना पहिला गिअर, पाय ब्रेकवर, क्लच पूर्ण दाबून घरंगळत जायचं नाही. रिव्हर्स घेताना मात्र क्लच त्या धरायच्या जागेवर ठेवून रेस न देता इंचाइंचाने, हाफ क्लच चालतो तो इथे. लावून झाली की इंजिन बंद, पहिला गिअर, हँडब्रेक. पलीकडे पोचल्यावर चावी फिरवायच्या आधी क्लच तळापर्यंत दाबा, गाडी गिअरमध्ये आहे आणि पुढे कुणाची तरी स्कूटर टेकलेली असते.