डिमोशनचं पत्र हातात पडलं तर

निवृत्त होईपर्यंत मी पुण्याजवळच्या भोसरी-चाकणच्या कारखान्यांच्या पट्ट्यात पर्सोनेल खात्यात नोकरी केली, म्हणजे टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसून. त्यामुळे कंपनीला काय नको असतं ते मला चांगलं ठाऊक आहे: तुमचा लेखी नकार. तोंडी कुरकुर कितीही करा, कुणी मनावर घेत नाही.

आमच्या सोसायटीतल्या एका पोराचंच घ्या. लाइन सुपरवायझर होता. एका सोमवारी त्याला स्टोअरमध्ये बसवलं आणि खालच्या ग्रेडचं पत्र पुढं सरकवलं. ‘सही कर रे, फॉर्मॅलिटी आहे.’ अशा वेळी पत्र फेकून निघून यायचं नाही आणि मुकाट्यानं सहीही करायची नाही. कंपनी ठेवून घेते त्या प्रतीवर स्वतःच्या हातानं लिहायचं: ‘पत्र मिळाले. मजकूर मान्य नाही.’ खाली सही, तारीख, वेळ. त्या प्रतीचा फोटो काढायचा. एचआरवाले म्हणतील, असं काही लिहायचं नसतं. लिहायचं असतं!

मग एक-दोन दिवसांत ईमेल करा. माझा हुद्दा अमुक होता, तमुक तारखेपासून बदलला, कारण कळवलेलं नाही, बदल मला मान्य नाही, माझे हक्क राखून नेमून दिलेलं काम करतो आहे. बस. विशेषणं नकोत, जुनी उणीदुणी नकोत. बदल नुसता तोंडी सांगितला असेल तर हा ईमेल दुप्पट महत्त्वाचा. त्याची प्रत खासगी पत्त्यावर ठेवा, पण सोबत कंपनीच्या फायली पाठवू नका. तेच निमित्त करून चार्जशीट, म्हणजे गैरवर्तनाचं आरोपपत्र, देतात. आणि कामावर जात राहा. रागाच्या भरात राजीनामा दिलात तर कंपनीचं काम तुम्हीच सोपं केलंत.

अपॉइंटमेंट लेटर, प्रमोशनची पत्रं, अप्रेझल, सॅलरी स्लिपा घरी जमवा. बेसिक कमी केला असेल तर पीएफच्या पासबुकात कोणत्या महिन्यापासून वर्गणी घटली ते दिसतं, आणि तो कागद कंपनीच्या हातातला नसतो.

आता कायद्याचं. पहिला प्रश्न, तुम्ही कायद्याच्या दृष्टीनं ‘कामगार’ आहात का? हे कार्डावरच्या हुद्द्यावर नाही, प्रत्यक्ष कामावर ठरतं. पुण्यात दर दुसरा माणूस असिस्टंट मॅनेजर असतो, हाताखाली मात्र चिटपाखरू नाही. तांत्रिक, कारकुनी, ऑपरेशनचं काम करणारा कामगारच. सुपरवायझरचा पगार मात्र महिना १८,००० रुपयांच्या वर असेल तर तो कामगार धरला जात नाही.

औद्योगिक संबंध संहिता, म्हणजे मालक-कामगार वादांचा नवा कायदा, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. पगार, भत्ते, ग्रेडची वर्गवारी अशा बाबतींत कामगाराच्या तोट्याचा बदल करायचा तर मालकानं आधी २१ दिवसांची नोटीस द्यायची, हा जुना नियम तिच्यातही आहे. शिक्षा म्हणून खाली उतरवायचं असेल तर आधी चार्जशीट, तुमचं म्हणणं, रीतसर चौकशी. ‘परफॉर्मन्स बरा नाही’ एवढ्या एका ओळीवर भागत नाही.

वीस किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी तक्रार निवारण समिती हवीच. बदल झाल्यापासून एक वर्षाच्या आत तिथं अर्ज करा. ३० दिवसांत तिनं काम आटोपायचं असतं. निकाल पटला नाही किंवा लागलाच नाही, तर पुढच्या ६० दिवसांत युनियनमार्फत समझोता अधिकाऱ्याकडे, म्हणजे असे वाद मिटवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, जाता येतं. ‘युनियनमार्फत’ ही मेख आयटीतल्या मंडळींना नडते. सभासद व्हायला हरकत काय, हे मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही. पुण्यात हा अधिकारी शिवाजीनगरला वाकडेवाडीत, अपर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात. सोबत तारीखवार एक पानाची हकीकत न्या. भलामोठा गठ्ठा कुणी वाचत नाही.

प्रसूती रजेहून परतलेल्या बाईला ‘आता हलकं काम घ्या’ म्हणत खाली बसवतात. काळजीच्या सुरात सांगितलं म्हणून ते कायदेशीर होत नाही. रजेवर असताना किंवा त्या रजेमुळे तिच्या सेवाशर्ती तोट्याच्या करायला १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यानं बंदी घातली, ती सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम आहे.

खरोखरचा मॅनेजर असाल तर वाट अरुंद. अपॉइंटमेंट लेटरमधलं कलम पाहायचं, वकिलाची नोटीस पाठवायची. कोर्टात बहुतेक भरपाईच मिळते, खुर्ची परत मिळणं कठीण. म्हणून तिथं वाटाघाटी लवकर करा. सरकारी नोकरांचं वेगळं: घटनेच्या कलम ३११ प्रमाणे शिक्षा म्हणून पदावनती सहसा चौकशीशिवाय करता येत नाही, आणि राज्य सरकारी असाल तर दाद ‘मॅट’कडे, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे.

वकिलाच्या फीला घाबरून थांबू नका. शिवाजीनगर कोर्टातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे औद्योगिक कामगाराला आणि कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो. जाताना त्या ‘मान्य नाही’वाल्या पत्राची झेरॉक्स घेऊन जा.