ईएलएसडीवर रात्रभराचा रन लावण्याआधी

ईएलएसडी म्हणजे लिक्विड क्रोमॅटोग्राफीच्या यंत्राला जोडलेला, नायट्रोजनवर चालणारा डिटेक्टर. म्हणून आधी नायट्रोजनचा सिलिंडर बघा, मोबाइल फेजचं (पदार्थ वेगळे करणाऱ्या नळीतून, म्हणजे कॉलममधून, वाहणाऱ्या द्रवाचं) नंतर. रेग्युलेटरवर दोन काटे असतात. त्यातला सिलिंडरच्या आतला दाब दाखवणारा काटा बघायचा. डिटेक्टरकडे जाणारा दाब दाखवणारा दुसरा काटा लबाड आहे: सिलिंडर तळाला जाईपर्यंत तो साडेतीन बारवर निवांत बसून राहतो. मागच्या वेळी त्याच्यावर विसंबून घरी गेलो. रात्री नायट्रोजन संपला, पंप मात्र सुरूच, आणि सकाळी ड्रिफ्ट ट्यूबमध्ये (थेंब वाळवणाऱ्या तापलेल्या नळीत) मोबाइल फेज साचलेला.

हिशेब सोपा आहे. आपला नेहमीचा राखाडी, काळ्या मानेचा सिलिंडर 47 लिटरचा. भरलेला असताना 150 बार, म्हणजे साधारण 7 घनमीटर गॅस. काट्यावरचा आकडा गुणिले 47, की उरलेले लिटर मिळाले. 25 मिनिटांची 40 इंजेक्शनं (एकेक नमुना सोडणं) म्हणजे 1000 मिनिटं. डिटेक्टर मिनिटाला 3 लिटर खात असेल तर 3000 लिटर लागणार, म्हणजे 64 बार. काटा 60 वर असेल तर रन लावू नका. 70 वर असेल तरी लावू नका. कॉलम स्थिर व्हायला लागणारा वेळ, ब्लँक (नमुन्याशिवायचं इंजेक्शन) आणि शेवटचं वॉश यात धरलेलंच नाही. भरलेला सिलिंडर शेजारी साखळीने बांधलेला हवा, आणि पानाही जागेवर हवा. सांध्यांना साबणाचं पाणी लावून गळती बघा.

आता मोबाइल फेज. हा डिटेक्टर थेंब वाळवतो आणि मागे उरलेल्या कणांवरून विखुरणारा प्रकाश मोजतो. म्हणूनच यूव्हीत न दिसणाऱ्या साखरा, लिपिड, जेंटामायसिन इथे दिसतात; पण जे उडून जात नाही ते सगळंच दिसतं. फॉस्फेट नको, कितीही पातळ केलेला असला तरी नको. अमोनियम अ‍ॅसिटेट, अमोनियम फॉर्मेट, फॉर्मिक अ‍ॅसिड, टीएफए (ट्रायफ्लुओरोअ‍ॅसिटिक अ‍ॅसिड) चालतात. टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान हा सॉल्व्हंट) घ्यायचा असेल तर बीएचटी (पेरॉक्साइड बनू न देणारं रसायन) घातलेला नको. आणि बीएचटी नसलेली बाटली उघडून आठवडे ठेवू नका, पेरॉक्साइड बनतात. सॉल्व्हंट एलसी-एमएस दर्जाचे (मास स्पेक्ट्रोमेट्रीला चालतील इतके शुद्ध), हे सांगायला नको.

पीएच मीटरचा इलेक्ट्रोड बाटलीत बुडवू नका. त्यातून पोटॅशियम क्लोराइड झिरपतं आणि मग बेसलाइन (नमुना नसतानाची सिग्नलची रेघ) का चढली म्हणून दिवसभर कॉलमला शिव्या बसतात. थोडं वेगळं काढा, मोजा, फेकून द्या. बाटल्या डिटर्जंटने धुतलेल्या नकोत. सिस्टीमवर आधी कुणी फॉस्फेट चालवला असेल (लॉगबुक वाचा, विचारत बसू नका) तर लाइन आधी नुसत्या पाण्याने धुवा. थेट अ‍ॅसिटोनायट्राइल सोडलंत तर मीठ तिथेच बसेल. नवा कॉलम आधी डिटेक्टरला न जोडता वेस्टमध्ये सोडा, सिलिका झिरपत असते.

एक्झॉस्टची नळी फ्यूम हूडमध्ये, पण घट्ट बसवून नव्हे. ओढ जास्त झाली की बेसलाइन हलते. खोलीत तर अजिबात सोडू नका, सॉल्व्हंटची वाफ आणि नायट्रोजन दोन्ही कोंडतात. ड्रेनचा सायफन भरलेला हवा.

सुरू करताना गॅस आधी, मग हीटर, तापमान गाठल्यावर पंप. डिटेक्टरच्या एररने पंप थांबतो का, ते गॅस क्षणभर बंद करून बघा. नुसती केबल जोडलेली दिसली म्हणून सोडू नका. पंप थांबला पाहिजे. आणि निघण्याआधी पुन्हा काटा. आतल्या दाबाचा. साडेतीनवाला नव्हे.

बंद करताना उलट: वॉश, पंप बंद, गॅस आणखी थोडा वेळ चालू, मग हीटर, मग सिलिंडरचा व्हॉल्व्ह. उरलेले बार लॉगबुकात लिहा.