रेंज फुल, तरी नेट का चालेना?

गणपतीत चाकरमानी गावी आले की संगमेश्वराजवळच्या माझ्या मोबाइलच्या दुकानात रोज तीच तक्रार: "रेंज फुल आहे रे, पण नेट काय चालत नाय." काड्या मोजणं सोडा, शेजारचं अक्षर बघा.

'ई' असेल तर फोन टूजीवर आहे. ते जाळं मुळात बोलण्यासाठी उभारलेलं; जीपीआरएस आणि एज ही त्यावर नेटसाठी मागाहून चढवलेली माडी. एजचा वेग कागदावर ३८४ केबीपीएस, प्रत्यक्षात फोटो उघडेस्तोवर चहा निवतो. 'एच' म्हणजे थ्रीजी. ते आता फारसं दिसणारच नाही.

खरा फरक पाडला फोरजीने. आपल्याकडे ते २०१२ मध्ये आलं, २०१६ नंतर वाडीवाडीत पोचलं. यात बोलणंसुद्धा डेटा म्हणूनच जातं. म्हणून सेटिंगमध्ये व्होल्टे, म्हणजे फोरजीवरूनच कॉल, चालू ठेवा. बंद असेल तर कॉल आला की काही कंपन्यांचं सिम टूजीवर उतरतं आणि चालू नेट थांबतं.

फोरजी आहे, काड्याही फुल, तरी अडकतंय? मग गर्दी. काड्या फक्त टॉवर किती जोरात ऐकू येतो ते सांगतात. एसटी स्टँडवर लागली म्हणून बसायला जागा मिळेलच असं नाही. आरतीच्या वेळी सगळी वाडी व्हिडिओ पाठवते; तुम्ही पहाटे पाठवा.

उरला घराच्या भिंतीतला जांभ्याचा चिरा. ७०० ते ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी भिंतीतून बऱ्यापैकी आत येतात, २३०० आणि ३३०० च्या बाहेरच दमतात. २०२२ मध्ये आलेलं फाइव्हजी बरंचसं ३३०० वर चालतं, त्यामुळे घरात फोन फोरजी-फाइव्हजी अशी ये-जा करत बॅटरी खातो. सिमच्या सेटिंगमध्ये 'प्रेफर्ड नेटवर्क टाइप'ला जाऊन फोरजीच निवडा. लाज कसली त्यात?

शेवटी जागा शोधा. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर *#*#४६३६#*#* दाबलं की फोनच्या माहितीत सिग्नलचा जोर डीबीएम या मापात दिसतो. उणे ८५ उत्तम, उणे ११५ म्हणजे जेमतेम. तो आकडा बघत घरभर फिरा, प्रत्येक ठिकाणी थोडं थांबा. आकडा लगेच बदलत नाही. आमच्या माजघरात उणे ११६ येतं, पडवीच्या कोपऱ्यातल्या खांबाशी उणे ९२. हॉटस्पॉट चालू करून जुना फोन मी त्या खांबालाच पिशवीत टांगून ठेवलाय.