डोळे मिटून तलावपाळी: मनातलं चित्र कसं तपासायचं

ठाणेकराला 'तलावपाळी' एवढं म्हटलं की पुरतं. मासुंदा तलाव, मधल्या बेटावरचं शंकराचं देऊळ, काठावरचं गडकरी रंगायतन, पाण्यातल्या होड्या. पण हे सगळं तुम्हाला दिसलं, की ते तिथे आहे एवढंच आठवलं? हे घरबसल्या तपासता येतं. वीसेक मिनिटं, एक कागद आणि पेन लागेल.

आधी आत काय घडतं ते पाहू. डोळ्यांनी पाहताना दृष्टिपटलावरून निघालेला संदेश थॅलॅमसमार्गे (मेंदूच्या मध्यातलं, संदेश पुढे धाडणारं ठाणं) डोक्याच्या अगदी मागच्या भागात पोचतो. तिथून तो कानांच्या बाजूच्या भागांकडे जातो आणि 'ही होडी, हे देऊळ' अशी ओळख पटते. कल्पना करताना ही वाहतूक बरीचशी उलटी चालते. कपाळामागचा मेंदू मागणी करतो, आठवणीतून माल निघतो आणि मागच्या दृष्टिभागांत चित्र उभं राहतं. ते अल्बममधल्या फोटोसारखं अख्खं बाहेर येत नाही. तुकड्यातुकड्याने जुळतं आणि लक्ष हटलं की विरतं.

म्हणून सगळा तलाव एकदम आणायला जाऊ नका. बहुतेकांचं इथेच फसतं. चार तुकडे करा: पाणी, बेटावरचं देऊळ, रंगायतनाची दर्शनी बाजू, एक होडी. डोळे मिटून प्रत्येकाला १५ सेकंद द्या आणि लगेच गुण लिहा: प्रत्यक्ष पाहिल्याइतकं स्पष्ट असेल तर ५, काहीच न दिसता नुसती माहिती असेल तर १. मनातलं चित्र किती स्पष्ट आहे हे मोजणाऱ्या, मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मार्क्स यांच्या १९७३च्या प्रश्नावलीत अशीच चार दृश्यं आणि १६ प्रश्न आहेत. मात्र तिच्या मूळ रूपात १ म्हणजे सर्वांत स्पष्ट, त्यामुळे कुठे आकडे ताडून पाहाल तर दिशा आधी बघा.

देऊळ धूसर वाटलं तर ते जवळ आणा, मनातल्या चौकटीत मोठं करा. लहान चित्रात बारकावे सापडायला वेळ लागतो. मनात हत्तीशेजारी बसवलेल्या सशाच्या मिशा माशीशेजारच्या सशापेक्षा उशिरा सापडतात, हा मानसशास्त्रज्ञ स्टीफन कॉसलिन यांच्या प्रयोगांतला निष्कर्ष.

आता जागा बदला. आधी रंगायतनाच्या बाजूने तलावाकडे पाहा आणि डाव्या-उजव्या हाताला काय येतं ते लिहा. मग मनातच समोरच्या काठावर जाऊन पुन्हा लिहा. ही चाचणी सगळ्यांत बोलकी. १९७८मध्ये बिझियाक आणि लुझ्झाती या इटालियन संशोधकांनी मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झालेल्या रुग्णांना मिलानमधल्या कॅथेड्रलसमोरच्या चौकाचं वर्णन करायला सांगितलं. डावीकडच्या इमारती त्यांच्याकडून सुटत. समोरच्या बाजूला उभं असल्याची कल्पना करायला सांगितल्यावर आधी सुटलेल्या इमारती सांगितल्या गेल्या, आणि आधी सांगितलेल्या गळल्या. म्हणजे आठवण शाबूत होती. चित्राची एक बाजूच लक्षातून निसटत होती.

पडताळणीसाठी कागद घेऊन तलावपाळीवर जा, स्टेशनच्या पश्चिमेकडून चालत दहा-बारा मिनिटं. ५ गुण दिलेल्या तुकड्यातच चूक सापडली तर नवल नाही. स्पष्ट म्हणजे बरोबर नव्हे. चुका दुरुस्त केल्यावर लगेच डोळे मिटून फेरचाचणी घेऊ नका. उजळ वस्तूकडे टक लावून पाहिल्यावर जी उरलेली छाप दिसते, तिचे रंग उलटे असतात आणि ती नजरेबरोबर सरकते. ती कल्पना नव्हे. पाच मिनिटं थांबा. मधल्या वेळात मोबाइल नको, पडद्यावरची चित्रं त्याच दृष्टिभागांना कामाला लावतात.

रोज सराव केला तर चित्र ठळक होईल? फार आशा धरू नका. २०१२च्या एका अभ्यासात पाच दिवसांच्या सरावाने कल्पनाचित्राची ताकद वाढली नाही. आपलं चित्र किती ठळक आहे याचा अंदाज मात्र सुधारला. सरावाने तलावाचे तपशील पक्के होतील, हा फायदा खरा.

सगळीकडे १ गुण आला तरी घाबरू नका. याला अफॅन्टेशिया म्हणतात. हे नाव अ‍ॅडम झीमन आणि सहकाऱ्यांनी २०१५मध्ये दिलं. अशा अनेकांना तलावाचा नकाशा, अंतरं, वळणं व्यवस्थित सांगता येतात, फक्त चित्र नसतं. मात्र आधी दिसणारी चित्रं अचानक बंद झाली असतील, विशेषतः डोक्याला मार, पक्षाघात किंवा एखाद्या शस्त्रक्रियेनंतर, तर हा कागद बाजूला ठेवा आणि न्यूरॉलॉजिस्टना गाठा.