जुन्या लॅटिन मिस्सेला पहिल्यांदा जायचंय? मग आधी संत निवडा, पण तारीख नीट बघून

७ मार्चला सुट्टी टाकून, दीड तास ट्रेनने जाऊन मी संत थॉमस अक्विनासच्या सणाच्या जुन्या लॅटिन मिस्सेला, म्हणजे १९६२ च्या पुस्तकाप्रमाणे लॅटिनमध्ये होणाऱ्या कॅथलिक उपासनेला गेलो आणि फादर बाहेर आले ते जांभळ्या वस्त्रांत. मला वाटलं पांढरं दिसणार, सणाची प्रार्थना होणार, निदान थोडी फुलं तरी असतील. कसलं काय, वेदीवर एक फूल नाही. पूर्ण मिस्सा उपवासकाळातल्या (ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांतल्या) त्या दिवसाची झाली आणि थॉमसबाबांचं नाव एकदा कुठेतरी "थोमे" असं कानावरून गेलं तेवढंच. चूक फादरांची नव्हती, माझी होती, मी तारीख बघितली पण नियम नाही बघितला.

म्हणून हे लिहितोय. वसईतल्या, मुंबईतल्या किंवा नोकरीसाठी बाहेर गेलेल्या आपल्या बऱ्याच जणांना एकदा तरी जुन्या पद्धतीची मिस्सा अनुभवायची असते, पण सगळे रविवारी जातात, हातात जाडजूड पुस्तक घेतात, पाचव्या मिनिटाला पान हरवतं आणि पुढचा तासभर पानं उलटण्यात जातो. माझं म्हणणं उलट आहे. आठवड्यातला एखादा साधा दिवस धरा, ज्या दिवशी एखाद्या मध्ययुगीन संताचा सण आहे, त्या संताची एकच प्रार्थना आदल्या रात्री वाचून ठेवा आणि पुस्तक बंद ठेवून जा. मिस्सा छोटी असते, गर्दी नसते, आणि डोक्यात धरायला एकच गोष्ट असते.

आता तारखेचं, कारण सगळा घोळ इथेच होतो. संताचा सण म्हणजे शक्यतो त्याच्या मरणाचा दिवस, जन्माचा नाही. चर्च त्याला स्वर्गातला जन्मदिवस मानतं. आपल्याला हे समजायला जड जाऊ नये, आळंदीला गर्दी होते ती माउलींच्या समाधीच्या दिवसाला. पण मरणाचा दिवस आधीच दुसऱ्या कुणी अडवलेला असेल तर संताला शेजारची तारीख मिळायची. सिएनाची संत कॅथरीन वारली २९ एप्रिल १३८० ला, पण २९ ला आधीपासून वेरोनाच्या पीटरचा सण, म्हणून ती ३० वर. संत डॉमिनिक ६ ऑगस्ट १२२१ ला गेला, पण ६ आणि ५ या दोन्ही तारखा दुसऱ्या सणांच्या, म्हणून तो सरकला ४ वर.

मग १९६९ मध्ये रोमने कॅलेंडर नवं केलं आणि बरेच संत पुन्हा हलले. जुनी मिस्सा मात्र १९६२ च्या पुस्तकाप्रमाणे होते, त्यामुळे तिथे जुन्याच तारखा चालतात. कॅथरीन नव्यात २९ एप्रिलला, जुन्यात ३० ला. डॉमिनिक नव्यात ८ ऑगस्ट, जुन्यात ४, आणि गंमत म्हणजे आर्सचे फादर जॉन व्हिएनी बरोबर उलटे, जुन्यात ८ आणि नव्यात ४, दोघांनी जागा अदलाबदल केली. असिसीची क्लारा जुन्यात १२ ऑगस्ट, नव्यात ११. हंगेरीची एलिझाबेथ १९ नोव्हेंबर आणि १७ नोव्हेंबर. स्वीडनची ब्रिजिट तर ८ ऑक्टोबरवरून थेट २३ जुलैला. असिसीचा फ्रान्सिस (४ ऑक्टोबर), पादुआचा अँथनी (१३ जून), क्लेर्व्होचा बर्नार्ड (२० ऑगस्ट) हे मात्र दोन्हीकडे जागच्या जागी, म्हणून नवख्या माणसाने यातलाच एक धरावा, कटकट नको.

आणि आता माझ्या ७ मार्चचं. जुन्या कॅलेंडरमध्ये प्रत्येक दिवसाला वर्ग असतो, पहिला ते चौथा. संतांचे बरेचसे सण तिसऱ्या वर्गाचे. उपवासकाळातले रोजचे दिवसही तिसऱ्याच वर्गाचे, पण टक्कर झाली की सहसा उपवासकाळ जिंकतो आणि संताला फक्त एक जास्तीची प्रार्थना मिळते, तिला स्मरण म्हणतात. थॉमस अक्विनास ७ मार्च १२७४ ला फोसानोव्हाच्या मठात वारला, म्हणून सण ७ मार्चला, आणि ७ मार्च बहुतेक वर्षी राखेच्या बुधवारनंतरच, म्हणजे उपवासकाळ सुरू झाल्यावरच येतो. म्हणजे एवढा मोठा पंडित, पण स्वतःच्या सणाला पाहुणा! पोप ग्रेगरी (१२ मार्च) आणि मठवासी संत बेनेडिक्ट (२१ मार्च) यांचंही तेच. नव्या कॅलेंडरने तिघांनाही मार्चमधून बाहेर काढलं: थॉमस २८ जानेवारीला (१३६९ मध्ये त्याच्या अस्थी तूलूझला नेल्या तो दिवस), ग्रेगरी ३ सप्टेंबरला, बेनेडिक्ट ११ जुलैला. रविवार आला तरी तसंच, रविवार तिसऱ्या वर्गाच्या संताला बाजूला सारतो. २०२६ मध्ये फ्रान्सिसला जाऊन ८०० वर्षं होतात आणि नेमका ४ ऑक्टोबर रविवार आहे, तेव्हा फ्रान्सिस्कन मठांत किंवा जिथे तो पाठीराखा संत आहे तिथेच त्याची मिस्सा मिळेल, साध्या ठिकाणी मिळेलच असं धरू नका.

थोडक्यात मार्च टाळा, रविवार टाळा, १७ डिसेंबरनंतरचे दिवसही टाळा, आणि जिथे जाणार तिथे आधी फोन करून वेळ विचारा. हे फोनचं मी उगाच सांगत नाहीये. २००७ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी जुन्या मिस्सेला मोकळीक दिली होती, पण १६ जुलै २०२१ ला पोप फ्रान्सिस यांनी ती पुन्हा बिशपांच्या परवानगीखाली आणली, त्यामुळे कित्येक ठिकाणच्या वेळा बदलल्या, मिस्सा दुसऱ्या देवळात गेल्या, काही बंद झाल्या, आणि नेटवर जुनंच वेळापत्रक तसंच पडलेलं असतं.

आदल्या रात्री करायचं काम वीस मिनिटांचं आहे. त्या संताची सुरुवातीची प्रार्थना शोधा. ती एका वाक्याची असते, आधी देवाने या संतामार्फत काय केलं ते, मग आम्हाला काय दे ते. फ्रान्सिसची ४ ऑक्टोबरची प्रार्थना घ्या, तिचा मतलब असा की देवा, तू फ्रान्सिसच्या पुण्याईने तुझ्या चर्चला नव्या लेकरांनी वाढवलंस, आम्हालाही त्याच्यासारखं पृथ्वीवरच्या गोष्टींना कमी लेखायला आणि स्वर्गातल्या देणग्यांत कायम आनंद मानायला शिकव. संपलं. पण माझी सगळ्यात आवडती ती नाही, १७ सप्टेंबरची आहे. १२२४ च्या सप्टेंबरमध्ये ला व्हेर्ना डोंगरावर फ्रान्सिसच्या अंगावर ख्रिस्ताच्या जखमा उमटल्या, त्याचा हा दिवस. १९६२ च्या पुस्तकात तो नुसतं स्मरण म्हणून उरलाय, पण फ्रान्सिस्कन लोक तो अजून धरतात. त्या प्रार्थनेत दोन शब्द येतात, "फ्रिजेशेन्ते मुन्दो", म्हणजे जग गार पडत चाललेलं असताना. जग गार पडत चाललं होतं म्हणून तू आमची मनं पेटवायला या माणसाच्या शरीरावर तुझ्या जखमा पुन्हा ताज्या केल्यास. मी हे दोन शब्द कागदावर देवनागरीत लिहून खिशात घेऊन गेलो होतो आणि फादरांच्या तोंडून ते ऐकू आले तेव्हा अंगावर काटा आला, बाकी त्या दिवशी मला काहीही कळलं नव्हतं. तुम्हीही असेच दोन शब्द घेऊन जा. संताचं नाव आणि एखादा शब्द, बस.

आणि लॅटिनची भीती वाटत असेल तर एक सांगतो, तुम्हाला एका मध्ययुगीन संताचं लॅटिन आधीच येतं. आशीर्वादाच्या वेळी आपण "तांतुम एर्गो साक्रामेन्तुम" म्हणतो ना, ते त्याच थॉमस अक्विनासचं, पोप अर्बन चौथे यांनी १२६४ मध्ये ख्रिस्तशरीराचा सण सगळीकडे लागू केला त्या सणासाठी लिहिलेलं.

आता देवळात. घरातून निघताना साधे, अंग झाकणारे कपडे. बायका डोक्यावर ओढणी किंवा जाळीचा पदर घेतात पण सक्ती नाही, घेतला नाही म्हणून कुणी हाकलत नाही. कम्युनियन (ख्रिस्तशरीर) घेणार असाल तर आधी एक तास काही खायचं नाही, कुमसार (फादरांपुढे पापांची कबुली) राहिला असेल तर बऱ्याच ठिकाणी मिस्सेआधी फादर बसलेले असतात. आत गेल्यावर पहिल्या रांगेत बसायचा मोह टाळा! चौथ्या पाचव्या रांगेत बसा म्हणजे पुढचे कधी उठतात बसतात ते दिसतं. अर्ध्या गोष्टी गावागावाप्रमाणे बदलतात, तेव्हा पुढच्या आजीबाई करतील तसं करा.

पुस्तकाऐवजी या खुणा धरा. फादर वेदीच्या पायरीशी उभे राहून वेदीवर मदत करणाऱ्या सेवकाबरोबर हळू आवाजात बोलतात, खाली वाकतात, छाती बडवतात, हे सगळं वर चढण्याआधीचं, तेव्हा तुम्ही गुडघ्यावर. मग ते वर चढतात, उजव्या बाजूला पुस्तकातून वाचतात, मधे येऊन "किरिये एलेइसॉन" नऊ वेळा होतं, ग्लोरिया होतं, मग लोकांकडे वळून "दोमिनुस वोबिस्कुम" म्हणतात आणि पुन्हा उजवीकडे जातात. इथे कान टवकारा, हीच तुमची प्रार्थना, इथेच संताचं नाव येतं. वीसेक सेकंदात संपते. मग वाचन, आणि मग सेवक उठून ते पुस्तक उजवीकडून उचलतो, मधे गुडघा टेकतो आणि डावीकडे नेऊन ठेवतो. पुस्तक हललं की उभं राहायचं, शुभवर्तमान आलं. माझ्यासाठी तर अख्ख्या मिस्सेतली ही सगळ्यात कामाची खूण आहे, झोप लागली असेल तरी तेवढ्याने जाग येते.

पुढे बसायचं, अर्पण. "सान्क्तुस"ला घंटी तीनदा वाजते, गुडघ्यावर. आणि मग शांतता. खरी शांतता, माइक नाही, गाणं नाही, फादरांची पाठ आणि कुजबुज. नवीन माणूस इथे घाबरतो, आपलं काहीतरी चुकलं का, पान कुठलं, बाकीचे काय म्हणतायत. काही म्हणत नाहीयेत. ती प्रार्थना फादर मुद्दाम हळू आवाजातच म्हणतात. तुम्ही इथे तुमची ती संताची प्रार्थना मराठीत मनात म्हणा, घरच्यांची नावं घ्या, किंवा नुसते राहा. घंटी वाजली की वर बघा, ख्रिस्तशरीर उचललेलं दिसेल, मग पुन्हा घंटी, कप.

कम्युनियनला कठड्यापाशी गुडघे टेकून जिभेवरच घ्यायचं, आणि इथे आपली सवय नडते. आपण "आमेन" म्हणतो, तिथे म्हणायचं नाही. फादर प्रत्येकासमोर एक लांब वाक्य म्हणतात आणि शेवटचा आमेन तेच म्हणतात, तुम्ही फक्त तोंड उघडून डोकं थोडं मागे न्या. मी मोठ्याने आमेन म्हणालो होतो, शेजारचा दचकला. कॅथलिक नसाल किंवा घ्यायचं नसेल तर जागेवरच बसून राहा, कुणी विचारत नाही.

"इते मिस्सा एस्त" झालं म्हणजे संपलं असं समजून पर्स उचलू नका. आशीर्वादानंतर फादर डावीकडे जाऊन योहानाच्या शुभवर्तमानाची सुरुवात वाचतात, तेव्हा उभं राहायचं आणि "शब्द देही झाला" तिथे सगळे गुडघा टेकतात, तुम्हीही टेका. छोट्या मिस्सेनंतर वर तीन नमो मरिये, साल्वे रेजिना आणि संत मायकलची प्रार्थना असते, तीही गुडघ्यावर.

एवढं जमलं की संताच्या गावी जायचा विचार करा, पण तिथे लॅटिन मिस्साच मिळेल या आशेने नको, सण बघायला जा. पादुआत १३ जूनला अँथनीची मिरवणूक निघते, आणि बॅसिलिकात लोक त्याच्या थडग्याच्या दगडाला तळहात लावून डोळे मिटून उभे असतात, रांग सरकत राहते. १२६३ मध्ये कबर उघडली तेव्हा त्याची जीभ शाबूत निघाली, ती तिथेच वेगळी ठेवलेली आहे. आपल्याकडे जो मंगळवार अँथनीचा म्हणून पाळतात तो तिथूनच आलाय, त्याला पुरलं तो दिवस मंगळवार होता. इतक्या लांब जमत नसेल तर गोवा वेल्हाला या. उपवासकाळातल्या पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी तिथे सांत आन्द्रे देवळातून संतांचे पुतळे खांद्यावर घेऊन मिरवणूक निघते, ही फ्रान्सिस्कन मंडळाने लावलेली जुनी परंपरा.

लिस्बनला जाणार असाल, अँथनी जन्मला ते गाव, तर १२ जूनच्या रात्रीच पोचा, जुन्या मोहल्ल्यांत रस्त्यावर सार्डिन भाजत असतात आणि प्रत्येक खिडकीत बारीक पानांच्या एका रोपाची कुंडी असते, आपल्या तुळशीच्याच जातीचं, त्याला मान्जेरिको म्हणतात, कुंडीत कागदाचं फूल आणि चारोळी खोचलेली. त्याला नाक लावून वास घ्यायचा नाही, रोप सुकतं म्हणतात. वरून तळहात फिरवायचा आणि मग तळहाताचा वास घ्यायचा.