घर विकताना जुन्या ओलीबद्दल काय सांगायचे: आधी करायची तयारी

जाहिरात द्यायच्या आधी, आणि रंगारी बोलावण्याच्या तर नक्कीच आधी, वही घेऊन घरभर फिरा. कपाटांच्या मागच्या भिंती, सिंकखालचे कोपरे, खिडक्यांच्या चौकटींचा तळ, बाथरूमला लागून असलेल्या खोल्या, सर्वांत वरच्या छताच्या कडा. जिथे कधीकाळी ओल आली होती ती जागा आज कोरडी ठणठणीत असली तरी लिहून घ्या. घरातल्या बाकीच्यांनाही विचारा. तुम्ही विसरलेला डाग कोणाला तरी आठवत असतो.

प्रत्येक जागेपुढे कारण लिहा, कारण घेणारा डागापेक्षा न कळलेल्या कारणाला जास्त घाबरतो. जमिनीतून चढणारी ओल बहुधा जोत्यापासून साधारण मीटरभर उंचीपर्यंत जाते आणि वाळताना पांढरा लोणा मागे ठेवते. बाहेरून झिरपणारी पावसाबरोबर वाढते आणि कोरड्या दिवसांत पुसट होते. पाइपची गळती ऋतू पाहत नाही. थंड भिंतीवर, हवा न खेळणाऱ्या कोपऱ्यात किंवा कपाटामागे काळी बुरशी धरली असेल, तर दोष बहुतेक घरातल्या बाष्पाचा असतो. तिथे भिंत फोडून काही मिळत नाही, हवा खेळती करावी लागते. कारण शेवटपर्यंत सापडलेच नसेल तर तसेच लिहा. अंदाजाला निदानाचे कपडे चढवू नका.

मग दुरुस्तीचे कागद. ‘वॉटरप्रूफिंग करून घेतले’ या वाक्यातून काहीच कळत नाही. फुगलेला गिलावा काढून नवा केला, पाइपचा सांधा बदलला, जोत्यात ओलरोधक रसायन भरले, की नुसता जलरोधक रंग मारला? काम कोणी केले, कोणत्या वर्षी, बिल आहे का? गॅरंटी असेल तर ती नव्या मालकाच्या नावावर होते का, हे ठेकेदाराकडून लेखी घ्या. विम्याचा दावा केला असेल किंवा वरच्या मजल्यावरच्यांशी गळतीवरून पत्रव्यवहार झाला असेल, तोही याच फाइलमध्ये. दुरुस्तीपूर्वीचे फोटो पाहून लाज वाटते खरी, पण नंतरच्या फोटोंना किंमत त्यांच्यामुळेच येते.

ओलमापकाचे आकडे जोडायचे असतील तर तारीख आणि जागा नोंदवून जोडा. दोन सुयांचे साधे यंत्र विजेचा रोध मोजते. त्यामुळे भिंतीत क्षार असले की आकडा उगाच चढतो. शंका राहिली तर स्वतंत्र तपासनीस आणा, उपाय विकणाऱ्याला विचारू नका. दुरुस्ती ताजी असेल तर वाळायला लागणारा वेळही सांगा. ढोबळ हिशेब महिन्याला २५ मिलिमीटर असा धरतात, म्हणजे २३० मिलिमीटर जाडीच्या विटांच्या भिंतीला नऊएक महिने. हवा आणि ऊन यांवर तो बदलतो.

आता रंग. घर रंगवायला हरकत नाही, पण सगळ्या खोलीत एकच भिंत नवी कोरी दिसली की पाहायला आलेला माणूस तिच्यावरच टकटक करणार. शिवाय न बोलणे वेगळे आणि मुद्दाम झाकणे वेगळे; वाद झालाच तर दुसरी गोष्ट विकणाऱ्याच्या फार अंगाशी येते. सहज दिसणारा दोष आणि फक्त मालकालाच ठाऊक असलेला दोष यांतही अनेक ठिकाणचे कायदे फरक करतात. तुमच्या ठिकाणी कोणत्या फॉर्मवर काय लिहावे लागते, हे वकिलाला आधीच विचारा.

शेवटी हे सगळे एका पानावर आणा. भाषा साधी, दावे मोजके. ‘ओल कायमची गेली’ असे लिहू नका, ते तुमच्या हातात नाही. ‘दुरुस्तीनंतर तीन पावसाळे या भिंतीवर डाग दिसला नाही’ असे लिहा, अर्थात तसे झाले असेल तर. तेच पान एजंटलाही द्या, नाहीतर तो उत्साहाच्या भरात ‘इथे कधी ओल नव्हतीच’ म्हणून मोकळा होईल. घेणाऱ्याला ते भाव ठरण्याआधी द्या. नंतर दिले की बोलणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. पान मिळाल्याची तारखेसह सही घ्या आणि एक प्रत व्यवहार संपल्यावरही जपून ठेवा.